शेजाऱ्याचा मान

लग्न करायचं हे रागनहिलनं ठरवलं, मी नाही. मला विचाराल तर आमचं लग्न कधीच होऊन गेलं होतं. पंचवीसेक वर्षं एका छपराखाली काढली, तिच्या आईचं दुखणं मी काढलं, माझ्या भावाशी असलेलं माझं भांडण तिनं मिटवलं. आणखी काय राहिलं होतं? पण रागनहिल आमच्या हाल्बी गावच्या चर्चमध्ये गीतं धरते. ऑर्गनशेजारी तिची खुर्ची आहे. गावातल्या प्रत्येक लग्नात तिथून तिनं पहिला सूर लावायचा आणि मग बाकीच्यांनी तिच्यामागून गायचं. आमच्यासारख्या दोन बायकांचंही लग्न आता चर्चमध्ये लागू शकतं, असा कायदा झाला, तेव्हा ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "बोडिल, मला एकदा त्या खुर्चीवरून उठून पुढे जाऊन उभं राहायचंय."

आमचा पाद्री टोगर आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये एक कुंपण, तेही मोडकं. आम्ही विचारायला जायच्या आधी तोच आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून गोलगोल फिरवत राहिला. म्हणाला, मी जे वाचलं आणि मानलं त्यात हे बसत नाही, लग्न लावायचे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. चर्च तुमचं आहे, किल्ली मी स्वतः आणून देईन, बिशपना कळवलं की ते दुसरा पाद्री पाठवतील. आमच्याकडे कायदाच तसा आहे. चर्चला नाही म्हणता येत नाही, पाद्र्याला येतं.

माझं डोकं फिरलं. मी उभी हयात बस चालवली आहे. दारुडे चढवले, बायकोला मारून आलेले चढवले, माझ्या तोंडावर मला घाणेरडी नावं ठेवणारे चढवले. थांब्यावर उभ्या असलेल्या कुणाला मी कधी म्हटलं का, की माझ्या मनाला पटत नाही, तू मागच्या बसनं ये? पगार सगळ्यांच्या करातून घ्यायचा आणि लग्नं निवडून लावायची? कायद्यानं चर्चला बांधलं तसं पाद्र्यालाही बांधायला हवं होतं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आमच्या टोगरचा हाच एक मोठा दोष आहे, त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

तो गेल्यावर मला वाटलं, रागनहिल रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "पिळून काढलेले शब्द घेऊन मी काय करू? ज्याला मनापासून म्हणायचेत त्यानं म्हणावेत." मी म्हटलं, तू फार भली आहेस. ती म्हणाली, भली नाही, मला फक्त त्या दिवशी कुणाच्या कपाळावर आठी बघायची नाहीये.

बिशपनी हेनरीएटे नावाची तरुण पाद्रीण द्यायचं कबूल केलं. ती येऊन कॉफी पिऊन गेली, केकचे तीन तुकडे खाऊन गेली, आम्हा दोघींना आवडली. जूनमधला शनिवार ठरला. गावात कुणी वाईट बोललं नाही. वाण्याकडे, पोस्टात, सगळे म्हणाले, वा, छान. तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

आता कमानीचं सांगायला हवं. आमच्या भागात घरात लग्न असलं, नाहीतर लग्नाला पंचवीस वर्षं झाली असली, की शेजारीपाजारी एक-दोन दिवस आधी येऊन दाराभोवती हिरव्या फांद्यांची मानाची कमान उभारतात. त्यात कागदाची पांढरी फुलं खोचतात. घरच्यांनी बघायचं नाही असं म्हणतात आणि घरचे पडद्याआडून सगळं बघतात. मग बीअर, सॉसेज, आणि सकाळी दारात गाणं. हे सगळं जमवायचा मान सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचा. त्यानं फोन केल्याशिवाय दुसऱ्या कुणी एक फांदीसुद्धा आणायची नाही. आणली तर तो त्या शेजाऱ्याचा अपमान, आणि आमच्याकडे असले अपमान नातवंडांपर्यंत लक्षात राहतात.

गुरुवारी कमान लागली नाही. मी म्हटलं, उद्या लागेल. शुक्रवारी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. रागनहिल खिडकीशी उगाच कुंडीतली पानं पुसत बसली. लाउर्स, आमच्या रस्त्यावरचा डुकरं पाळणारा, ट्रॅक्टरवरून गेला. त्यानं हात केला आणि घाईनं मान वळवली. ते तिनं पाहिलं. मीही पाहिलं.

"हेनरीएटेला फोन कर," ती म्हणाली. "येऊ नकोस म्हणून सांग. आपण कधीतरी सोमवारी कचेरीत जाऊन सही करून येऊ."

मी म्हटलं, वेडी आहेस का.

"या सगळ्यांच्या पोरांच्या बाप्तिस्म्याला मी गायले, बोडिल. यांच्या आयांना पुरताना गायले. तोंडावर छान म्हणाले सगळे, पण एकानं फांदी आणली नाही. उद्या ते रीत म्हणून येऊन बसतील आणि मी त्यांच्यामधून चालत जायचं? नाही जमणार मला."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं होतं आणि आता तेही तीच परत करत होती. मी म्हटलं, मला संध्याकाळच्या कॉफीपर्यंत वेळ दे. आणि तशीच, घरातल्या चपलांवर, मोडक्या कुंपणातून पलीकडे गेले.

टोगर मागच्या अंगणात बसला होता. मी बसायचीसुद्धा वाट पाहिली नाही. त्याला विचारलं, गावाला तूच सांगितलंस का घरी बसायला?

तो खरंच गोंधळला. म्हणाला, कुणाला काही सांगितलं नाही, उलट तीच चिंता करत बसलोय. "मी लग्न लावायला नाही म्हटलं आणि वर तुमच्या दाराला कमान लावायला आलो, तर तुम्हाला थट्टा वाटेल असं वाटलं. म्हटलं, तुम्ही लाउर्सला सांगितलं असेल."

"लाउर्सला कसं सांगणार? त्याच्या आणि आमच्या मध्ये तू राहतोस."

मग त्याच्या लक्षात आलं आणि माझ्याही. अख्खं गाव त्याच्या फोनची वाट पाहत बसलं होतं, तो आमची वाट पाहत बसला होता, आणि आम्ही खिडकीशी बसून गावाला शिव्या देत होतो. असला घोळ आमच्या हाल्बीतच होऊ जाणे.

"टोगर," मी म्हटलं, "तुझ्याकडे मी आशीर्वाद मागायला आलेली नाही. मला फांद्या हव्यात. तू पाद्री आहेस ते तुझं तू बघ, पण शेजारी आमचा आहेस."

तो उठला, आत गेला, फोन उचलला. दारातून मला ऐकू येत होतं. "लाउर्स, कमान आज," एवढंच तो म्हणाला. लाउर्सचा आवाज तर अंगणापर्यंत आला, "देवा, सुटलो एकदाचे! बुधवारपासून न्हाणीघरात फांद्या भिजत टाकल्यात, बायको अंघोळीवाचून फिरतेय."

जूनमध्ये आमच्याकडे संध्याकाळ लवकर संपत नाही, ते बरं झालं. बघता बघता रस्ता भरला. प्रत्येक घरात फांद्या तयार होत्या, कुणी टबात, कुणी डुकरांच्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या. फुलंही तयार होती, खोकी भरभरून. बायकांनी ती आठवडाभर बसून केली होती आणि कुणी एका अक्षरानं बोललं नव्हतं, कारण बोलायचा मान त्यांचा नव्हता. मला इतकं भरून आलं की मी सॉसेज भाजायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चर्चचं दार कायद्यानं उघडलं, तो आमचा हक्क होता, त्याबद्दल मी कुणाचे आभार मानले नव्हते आणि मानणारही नाही. पण लाउर्सच्या बायकोला अंघोळीवाचून ठेवणारा कायदा कुठल्याच देशात नाही. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात ज्यांचे ज्यांचे आभार मानले, त्यात काही माणसं अशी होती की त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं बोलत नव्हते.

रागनहिल बाहेर आली, पडद्याबिडद्याची रीत सोडून. टोगर शिडीवर होता, वरची फांदी तारेनं बांधत. ती खाली उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"डावीकडे कललीय," ती म्हणाली.

त्यानं सरळ केली. मग वरूनच, तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या मी ते शब्द म्हणणार नाही, रागनहिल."

"माहीत आहे मला."

"पण मला यायचंय. कुठं बसू?"

मला वाटलं, ती म्हणेल, बस कुठंही. ती म्हणाली, "माझ्या खुर्चीवर बस. उद्या गीत धरायला कुणी नाहीये."

"माझा आवाज तू ऐकलायस."

"ऐकलाय ना. म्हणून तर जोरात गा. तुझा आवाज झाकायला तरी बाकीचे गातील."

शिडीभोवतीची माणसं हसली. टोगरही हसला, आणि त्यानं हो म्हटलं. रागनहिल माझ्याकडे वळून म्हणाली, "हेनरीएटेला फोन नको करूस."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कमानीखालून निघालो. चर्च भरलं होतं. ऑर्गननं सुरुवात करून दिली आणि नेहमीप्रमाणे सगळे पहिल्या सुरासाठी थांबले. टोगर तिच्या खुर्चीवरून उठला आणि त्यानं जो सूर लावला तो कुठल्याच सुरात बसणारा नव्हता. मग लाउर्स सुरू झाला, त्याची बायको सुरू झाली, आणि अख्खं चर्च असं गायला लागलं की खिडक्यांची तावदानं थरथरली.

मी रागनहिलकडे पाहिलं. तिला तर प्रत्येक ओळ पाठ, पण तिचे ओठ मिटलेले होते. मी वाकून विचारलं, काय गं, गात का नाहीस?

"गप्प बस," ती म्हणाली. "मला ऐकू दे."