इसाउरोची बाटली

बटाट्याची काढणी चालली होती. थंडीनं माती अशी झोंबत होती की बोटं आहेत का गेली कळत नव्हतं. वरच्या माळावरचं धुकं खाली उतरून आमच्या पाठीवर बसलं होतं. तेवढ्यात बांधावर झोपवलेलं मार्लेनीचं धाकटं पोर उठून रडायला लागलं. एदुविना जवळच होती. तिनं हात स्कर्टाला पुसले आन् पोराला उचललं.

तिची सासू बेत्साबे चार सऱ्या तुडवत धावत आली आन् पोर हिसकावून घेतलं.

"ठिव त्याला! वांझेचा हात लागल्यावर पोरं सुकत्यात!"

पोराची आई मार्लेनी काही बोलली नाही. आमीही बोललो नाही. नऊ वर्षं आमी हेच करत आलो. ऐकायचं, मान खाली घालायची आन् घरी गेल्यावर चवीनं सांगायचं. एदुविनाचा नवरा तिबेरियो तर पोत्याचं तोंड शिवण्यात असा गुंतला होता, जसं काही त्याच्याच बायकोबद्दल बोलणं चाललेलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र एदुविनानं कुदळ टाकली.

"म्या तपासून आलीया," ती म्हणाली. "तुंहा शहरातल्या दवाखान्यात, मूल न होनाऱ्यांच्या. तीन येळा गेले. माज्यात कायबी खोट न्हाई. डॉक्टरीण म्हनली, आता नवऱ्याला तपासा."

"माज्या लेकाला?" बेत्साबे किंचाळली. "आगं, त्याच्या बापाला अकरा पोरं व्हती!"

"मग बापालाच इचारा, तुमच्या लेकाला का न्हाईत ते."

हसला तो एकटा इसाउरो, मार्लेनीचा नवरा. पाच पोरांचा बाप म्हणून हा गडी गावात कोंबड्यासारखा छाती काढून फिरायचा.

"तिबेरियो, बीज बाटलीत घालून मोजत्यात म्हनं! भरंल का रं तुजी?"

तिबेरियोचे कान लाल झाले. एदुविना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "शुक्रवारी बाटली दवाखान्यात पोचली पायजे. न्हाई पोचली तर शनिवारी मी माज्या आईकडं. परत यायची न्हाई."

बाटली पोचली. शुक्रवारी सकाळी तिबेरियोनं ती अंगावरच्या लोकरी पोंचोच्या आत, काखेत धरून जीपमधून नेली. तासाच्या आत आन् अंगाच्या उबेत न्यायची असते. एदुविना आन् सोबतीला आलेली मी, तिची शेजारीण, मागं बसलो होतो. मला त्याची दया आली होती. माझी अक्कल ती तेवढीच.

आठ दिवसांनी आमी परत गेलो. मी बाहेर बाकावर बसले. आत काय झालं ते एदुविनानं मला परतीच्या वाटेवर शब्दन् शब्द सांगितलं.

डॉक्टर नोएमी, चष्मेवाली, तरणी पोर. तिनं कागद बघितला. "बाटलीत एकही बीज नाही. तुम्ही मूल बंद करायचं ऑपरेशन केलंय का?"

"छ्या! मी कशापायी?"

तिनं पडद्यामागं नेऊन तपासलं आन् बाहेर येऊन खुर्चीत टेकली. "ऑपरेशनची खूण नाही. पण वृषणाच्या शिरा फुगलेल्या आहेत. अशा शिरांनी बीज कमी होतं, सहसा अगदीच शून्य होत नाही. मला एकच सांगा, ती बाटली कुणाची होती?"

तिबेरियोला थंडीत घाम फुटला. एदुविना म्हणाली, तो घाम बघूनच तिला सगळं समजलं.

"इसाउरोची," तो पुटपुटला. "पाच पोरं हायेत त्याला... म्हटलं, पक्का निगंल."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं नवी बाटली त्याच्या हातात दिली आन् कोपऱ्यातली खोली दाखवली. दुपारी उत्तर आलं. बीज होतं, पण फार थोडं आन् मरगळलेलं. छोटं ऑपरेशन करून सुधारेल कदाचित. खात्री नाही. नऊ वर्षं कुजकं बेणं लावलं आन् शिव्या मात्र जमिनीला घातल्या!

"ऑपरेशनाला मी येते तुज्यासंगं," एदुविना म्हणाली. "पन आदी रईवारी चर्चातली मिसा सुटल्यावर, दुकानाफुडं, तुज्या तोंडानं सांगायचं. माजं नाव नऊ वर्षं तितंच खराब झालं."

रविवारी तिबेरियो टोपी हातात घेऊन दुकानापुढं उभा राहिला आन् बोलला. मेलेल्या आवाजात, पण बोलला. "खोट माज्यात हाय. एदुविनात न्हाई."

"खोटं!" बेत्साबे ओरडली. "दवाखानेवाल्यांनी कागुद बदलला!"

इसाउरोला कुठलं गप्प बसवतंय? "आरं आरं, तिबेरियो! मर्दाच्या जातीचं नाक कापलंस की!"

"तुज्या बाटलीत तर एकबी बीज न्हवतं!" तिबेरियोचा आवाज एकदम फुटला. "पयली बाटली तुजीच व्हती, इसाउरो!"

सगळं गाव मार्लेनीच्या पाच पोरांकडं बघायला लागलं. एकेकाचं नाक, एकेकाचे डोळे. अशा बाबतीत आमची नजर फार तीक्ष्ण.

मार्लेनी मक्याची भाकरी चावत होती. तिनं घास गिळला.

"काय बगताय? धाकट्याच्या नंतर सरकारी दवाखान्याची गाडी आलती, तवा ह्या माज्या नवऱ्यानंच पोरं बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं. म्या बाहीर बसले व्हते. बकरीगत बोंबलत व्हता आतमंदी."

"मग बाटली दिलीस कशाला रं?" तिबेरियोनं विचारलं.

इसाउरो जमिनीकडं बघत राहिला. "तू म्हनलास, तुज्यावानी मर्द गावात न्हाई. आता त्याला न्हाई कसं म्हनू?"

लोक इतके हसले की पाद्री बाहेर आला. पण एदुविनाकडं जाऊन 'चुकलं बाई आमचं' असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. नऊ वर्षं जिभेवर खेळवलेला विषय एका दुपारीत कुणाला आठवेनासा झाला. बेत्साबेनं घरोघर जाऊन सांगितलं, लेकाला हर्निया झालाय.

सोमवारी ऑपरेशनासाठी आमी जीपची वाट बघत होतो. तिबेरियो, एदुविना, बेत्साबे आन् मी. ड्रायव्हरनं दार उघडलं.

"आज कोन आजारी?"

एदुविना आत जाऊन बाकावर बसली.

"मी," तिबेरियो म्हणाला.

"हर्निया!" बेत्साबे घाईनं म्हणाली.

"हर्निया न्हाई." तिबेरियो पायरीवर थांबला. जीप भरलेली होती आन् सगळे ऐकत होते. "माज्यामुळं मूल हुईना झालंय. त्याचं ऑपरेशन हाय."

कुणी हसलं नाही. एदुविना खिडकीकडं सरकली आन् तिनं त्याच्यासाठी जागा केली.