शून्यावर संपणारी वही

विभागप्रमुख बाईंना पोरं पाठीमागे 'पारा' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. संशोधन शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांची त्यांना मनस्वी चीड. यांना घड्याळाने पावलं मोजता येतात, रुग्णाचा हात हातात घेता येत नाही, असं त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सुनावत. पोरं माना डोलवून तेही लिहून घेत, आणि बाईंना त्याचीही किळस येई.

यंदाची चष्मेवाली त्यांच्या मते सगळ्यांत मठ्ठ. मीठ कमी केलं आणि रोज अर्धा तास चाललं, तर रक्तदाब किती उतरतो हे तिला साठ रुग्णांवर बघायचं होतं. तिने पहिल्या मोजणीचा तक्ता आणला. एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे पन्नास. साठच्या साठ आकडे शून्यावर संपलेले.

"साठ माणसांनी काय ठरवून गोल आकडे आणले?" बाईंनी विचारलं.

रक्तदाबाच्या यंत्रातला पारा नीट वाचायचा कंटाळा, म्हणून जवळचा गोल आकडा ठोकून दिलेला. पथ्याने रक्तदाब चार-पाच अंकांनीच उतरणार असेल, तर तो फरक या गोलाईत कुठल्या कुठे गडप होणार. बाईंनी लगेच पत्र टाइप करून घेतलं: मोजमापात हलगर्जी, प्रशिक्षणास अपात्र. सही झाली की मुलीची जागा गेली आणि प्रवेशासाठी घालवलेली दोन वर्षं पाण्यात.

पण नुसतं हाकलून बाईंचं पोट भरणार नव्हतं. तिला आणखी थोडं खजील करायच्या हौसेपायी त्यांनी तळघरातल्या कपाटाची किल्ली तिच्यापुढे टाकली. तिथे मीठ आणि रक्तदाबावरच्या त्यांच्या प्रबंधाची मूळ वही होती. त्याच प्रबंधावर त्यांचं नाव झालं होतं, ही खुर्ची मिळाली होती. मोजणं कशाला म्हणतात ते एकदा डोळ्यांनी बघ आणि मग चालती हो, असं त्या म्हणाल्या.

तासाभराने मुलगी परत आली. कोपरापर्यंत धूळ. तिने वही टेबलावर उघडून ठेवली.

"बाई, चारशे रुग्ण आहेत. सगळे आकडे शून्यावर संपतात."

बाईंनी वही ओढून घेतली. अक्षर त्यांचंच, ठसठशीत. दाराबाहेरची रांग आठवली, स्टेथोस्कोपच्या नळीने ठणकणारे कान आठवले, आणि येता-जाता फक्त "किती झाले?" एवढंच विचारणारे त्यांचे मार्गदर्शक सर. सरांनी वही कधी उघडलीच नव्हती. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त राग आला तो या मठ्ठ मुलीचा, जिने तासाभरात चारशे आकडे तपासले होते.

"माझ्या साठ जणांना मी सोमवारी परत बोलावते," मुलगी म्हणाली. "पाच मिनिटं शांत बसवून दोनदा मोजेन. तुमच्या लोकांना कुठून बोलवायचं?"

त्यांतले निम्मे प्रबंधाच्या वेळीच साठीला टेकलेले होते; आता हयात किती असणार. त्यांच्या आकड्यांवरून काढलेला मिठाचा सल्ला मात्र बाई आजही रोज सकाळी रुग्णांना देत होत्या.

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. मजकुरात खोट नव्हती, नाव तेवढं बदलायला हवं होतं. सही न करता त्यांनी ते वहीत घातलं.

मुलीने कपाटाची किल्ली पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडे," बाई म्हणाल्या.