पट्टी तळव्यांपर्यंत पोचली तेव्हा

मी शिवणाच्या दुकानातली लाकडी पट्टी बोलतेय. अंगावर आकडे, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, आणि स्वभाव भित्रा. खाली पडले की माझ्याच आवाजाने दचकते. जन्म सुताराच्या कारखान्यातला. त्यातला फक्त रंधा आठवतो.

दुकान नणंद-भावजयीचं. थोरली नणंद कापणार, भावजय शिवणार, मी मधे खडूच्या रेघांना आधार देणार. भावजयीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात मला वेगळंच काम लागलं. पोट ताणलं, कातडी कोरडी पडली, खाज सुटली. मशीन थांबवून ती मला झग्यावरून फिरवायची. "अगं, पट्टीनं कापड मोज, बाळ नको," असं नणंद म्हणायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही ताणाची खाज, बाळाला काही होत नाही. अंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच साधं मलम, सैल सुती कपडे, फारच झालं तर गार पाण्याची घडी. आठवड्यात आराम पडला. मी कापडावर परतले, मलाही हायसं वाटलं.

आठवा महिना लागता लागता ती मशीनखाली चप्पल काढून पाय घासू लागली. मग मला खाली नेलं. तळव्यांवर माझी कड इतकी फिरली, की सातापासून नवापर्यंतचे आकडे पुसट झाले. तळहात ती टेबलाच्या कडेला घासायची. एवढ्या जवळून मी पाहत होते, तरी ना पुरळ, ना लाली. मलमाचाही उपयोग होईना. लाकडाला काय कळतं म्हणाल, पण मला हे बरं दिसेना.

नणंदेचं म्हणणं, खाज असतेच असं एकदा सांगितलंय ना, मग पुन्हा डॉक्टरीणबाईंचं डोकं कशाला खायचं. भावजयीला ते पटलं. मुळात ती भिडस्त, आणि दाखवणार तरी काय? तळवे स्वच्छच होते.

पुढच्या तपासणीला जाताना तिनं मला पिशवीत घातलं. बाकावर बसून एक पाय चपलेतून काढला आणि हळूच सुरू केलं. तेवढ्यात मी हातातून निसटले आणि खणखणत नर्सबाईंच्या पायाशी जाऊन पडले. अख्खा बाक दचकला. मी तर अर्धमेलीच.

नर्सबाईंनी मला उचललं. "पाय मोजताय की खाजवताय?"

"खाजवतेय हो. पोटाची खाज पायात उतरलीय."

बाकावर हशा पिकला. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा तळवा नीट पाहिला.

"पुरळ नाही. तळहातही खाजतात?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले. म्हटलं, असतंच."

"पुरळ नसताना तळवे खाजले तर ते आधी सांगायचं. चला आत."

रक्त तपासलं. यकृतातून पित्त नीट उतरत नव्हतं, रक्तात साठत होतं. आईला खाज, आणि फार वाढलं तर बाळाला धोका. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला रक्त, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. त्या दिवसांत नणंद कात्री हातात घेऊन नुसती बसायची. आपणच गप्प बसवलं, हे तिला खात होतं.

सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनीच कळा सुरू करून दिल्या. मुलगी झाली. तिचं रडणं नणंदेनं फोनवर ऐकलं आणि मला उचलून दुपट्याचं कापड मोजायला घेतलं. काही दिवसांत आईचे तळवे शांत झाले. पुढच्या खेपेला हे परत होऊ शकतं, पहिल्याच भेटीत सांगायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

आता नवी पट्टी आलीय, पण नणंदेचा हात माझ्याकडेच वळतो. बायांनो, मला खाजवायला घेतलंत तर माझा राग नाही. फक्त कुठे खाजतंय ते बोला. मला कुणी विचारत नाही, आणि मी दर वेळी नेमकी पडेनच असंही नाही.

पोट दिसणारं गिऱ्हाईक आलं, की नणंद माप घेता घेता विचारते, "तळवे खाजतात का गं?" बाई बावरते, झग्याच्या मापाला तळवे कशाला? परवा मात्र एक जण हो म्हणाली आणि माप अर्धं टाकून थेट दवाखान्यात गेली. कागदावर छाती लिहिलीय, बाकी कोरं. तो उडू नये म्हणून नणंदेनं मला त्यावर ठेवलंय. ती येईपर्यंत मी इथेच.