थिनरनं खाल्लेला रणगाडा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. निदान खोक्यावर तसं छापलं होतं. छापणाऱ्याला श्रीगोंद्याचा यशया माहीत नव्हता.

यशया हा साखर कारखान्यातला रिटायर फिटर. त्याचा थोरला भाऊ नोहा फौजेत खराखुरा रणगाडा चालवायचा. तो गेल्या वर्षी वारला. यंदाच्या नाताळात त्याच्या फोटोपाशी छोटा रणगाडा ठेवायचा, एवढीच त्याच्या बायकोची, सत्यशीलाची, इच्छा. तिनं मला सुट्या भागांत नगरहून आणलं आणि खोका दिराच्या हाती दिला. "भाऊजी, तुमचा हात चांगला हाय. नीट जोडा."

चांगला हात म्हणे! त्या शहाण्यानं आतला जोडणीचा कागद उघडलासुद्धा नाही. "कारखान्याची मशिनं जोडली आमी, ह्ये तर खेळनं," म्हणाला. मला जोडलं, इथवर ठीक. मग त्याची जुनी खोड उफाळली. रंग द्यायच्या आधी पार्ट थिनरनं धुवायचा! अहो, लोखंड धुतात तसं, पण मी तर प्लास्टिकचा! माझी चाकं वितळून एकमेकांना चिकटली. वरचा भाग खचला, तोफ गळून पडली.

सत्यशीला संतापली. "ह्यांची आठवन हुती ती! वाटोळं केलं तुमी. परत माझ्या दारात येऊ नका."

"वहिनी, दुसरा आनतो की."

"तुमच्या हातचं काय बी नको."

मला फार बरं वाटलं. अजून चार शब्द सुनावायला हवे होते.

पुढे कित्येक महिने मी पत्र्याच्या पेटीत पडून होतो. तिला मला फेकवेना आणि बघवेनाही. यशया दोनदा आला, दोन्ही वेळा तिनं दार लावून घेतलं. मी आतून म्हटलं, शाब्बास!

नाताळ आला. ती येशूजन्माचा देखावा मांडायला बसली, तर लाकडी गव्हाण वाळवीनं खाल्लेली. मातीच्या बाळाला निजवायचं कुठे? मग उठून तिनं मला पेटीतून काढलं. वितळलेला वरचा भाग विळ्यानं कापला, पोकळ खालच्या भागात कडबा भरला आणि बाळ माझ्यात ठेवलं. तोफ जमिनीत खुंटीसारखी रोवून तिला मातीचा बैल बांधला. मागे नोहाचा फोटो लावला आणि पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी यशया फाटकाशी उभा होता.

"या आत," ती तुटकपणे म्हणाली.

तो देखाव्यापुढं बसला. "वहिनी, हा तर त्योच..."

"व्हय. हात लावू नका."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. तिनं करंज्यांची ताटली त्याच्यासमोर आदळली. तो रडत रडत खायला लागला.

तिनं त्याला माफ केलं असेल. मी नाही केलं! मित्रांनो, खोका उघडलात की आधी कागद वाचा, नाहीतर माझ्यासारख्यांना हात लावू नका. आणि हातून बिघडलंच, तर लगेच उकिरड्यावर टाकू नका. अजून पुष्कळ सुनावलं असतं, पण हळू बोलावं लागतंय. माझ्यात बाळ झोपलंय.