तिसरी वायर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळजवळ सगळे अनवाणी, हात ओले, आणि नजरा एका काळ्या पत्र्याच्या डब्यावर. डबा म्हणजे गाण्याचा ॲम्प्लिफायर. त्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या येत, आणि शेजारी उभे असलेले तरंगबाबा म्हणत, "शिरली बरं का ऊर्जा. आता गुडघे, दमा, सुनेशी भांडण, सगळं जाईल."

एका शिंप्याला मात्र काहीच लागेना. बाबांनी डोळे मिटले. "तुझ्या मनात किंतु आहे. चप्पल काढ." त्याने चप्पल काढली, पुन्हा हात लावला आणि टुणकन मागे सरकला. श्रद्धा तळपायातून चढते हे मला त्या दिवशी कळलं.

मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. असल्या तमाशाकडे एरवी फिरकलो नसतो. पण चार दिवसांपासून आईने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. बाबा म्हणाले होते, ऊर्जा आणि औषध एका अंगात नांदत नाहीत. रांगेत आता तिच्यापुढे तीनच माणसं होती.

"आई, घरी चल."

"तुला काय कळतंय? चार दिवस नुसतं एक बोट लावतेय तर अंग कसं मोहरून येतं. आज दोन्ही हात ठेवणार आहे."

मी तणतणत डब्याकडे गेलो. मागच्या बाजूला माझ्या दुकानाचा स्टिकर होता. गेल्या वर्षी बाबांचा माणूस हाच डबा घेऊन आला होता. गाण्यामागे सारखी घूं घूं ऐकू येते म्हणाला. मला घाई होती. मी प्लग उघडला आणि अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी तिसरी वायर कापून टाकली. घूं घूं गेली, गिऱ्हाईक खूश, मीही खूश. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात आणि कुणी बोलत नाही.

खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला. दिवा पेटला.

"पाहिलंत, माझं तेज," बाबा म्हणाले.

"तेज नाही, वीज आहे ती. बाबा, तुम्हीही जोडे काढा, हात ओले करा आणि लावा."

बाबांनी पायातल्या जाड रबरी जोड्यांकडे पाहिलं. "जोडे काढायचे नाहीत, अशी गुरूंची आज्ञा आहे."

"गुरूंना वायरिंग येत असणार," शिंपी म्हणाला. मागे खसखस पिकली.

मी प्लग भिंतीतून काढला, उघडला, कापलेली तिसरी वायर जागेवर घट्ट बसवली आणि प्लग परत लावला. टेस्टर पेटला नाही. मग अनवाणी उभं राहून मी ओला हात डब्यावर ठेवला. काही नाही. शिंप्याने ठेवला. काही नाही. बाबा म्हणाले, ऊर्जा रुसली.

"रुसली नाही," मी म्हणालो. "पत्र्यावर झिरपणारी वीज आता या वायरने जमिनीत जाते. इतके दिवस ती तुमच्या अंगातून जात होती, कारण ही वायर मी कापली होती. आतला एखादा भाग जळून सगळी वीज पत्र्यावर आली असती तर झिणझिण्या येऊन भागलं नसतं, माणूस जागच्या जागी गेला असता. चूक माझी आहे." एवढं बोलताना मला खरंच लाज वाटली.

आई रांगेतून बाहेर आली. "म्हणजे चार दिवस मी तुझ्याच हातचा प्रसाद घेत होते?"

"हो."

"मग गोळ्याही तूच आण. पाणी घेऊन ये."

गोळ्या मी खिशातच घेऊन आलो होतो. शिंप्याने तिला खुर्ची दिली. तिने गोळी घेतली, मगच मी टेस्टर खिशात ठेवला.

दुकानाच्या फळीवर मी आता एक पाटी लावली आहे. पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या, तर हात जोडू नका. आधी प्लग काढा, मग मेकॅनिकला बोलवा, आणि त्याने तिसरी वायर जोडली की नाही ते स्वतः बघा. मेकॅनिक मी असलो तरी.