चिमूटभर जास्त

"दिवा बंद कर आणि परत लाव," झुल्मा म्हणाली.

मी तिसऱ्यांदा लावला. जांभळ्या उजेडात तपासणीच्या पट्टीवरचा आमच्या रसायनाचा ठिपका होता तिथंच, अगदी वर. मला तो मधोमध हवा होता. मी उठले, बसले, पुन्हा उठले. दाराबाहेर ठेवलेला माते, आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, कधीच गार झाला होता.

आमच्या रेणूत दोन अल्कोहोल गट. एक टोकाला मोकळा, दुसरा गर्दीत दडलेला. सिलिल या पांढऱ्या भुकटीची टोपी फक्त मोकळ्यावर चढवायची, म्हणजे पुढची क्रिया दडलेल्यावर होते. सिलिल मोजून, विरघळवून, थंडाव्यात थेंबथेंब घातलं की बरोबर मोकळ्यावर बसतं. जास्त झालं की दुसऱ्याच्याही डोक्यावर चढतं. ठिपका वर, म्हणजे दोन्ही झाकले गेले. चार वर्षांच्या कामातले शेवटचे चाळीस मिलिग्रॅम!

"मोजून घातलंस ना, निडिया?"

"मोजून. आणि वर चिमूटभर."

मोंतेविदेओची हवा दमट. कस्टममध्ये सहा-सहा महिने अडकलेल्या बाटल्या अर्ध्यामुर्ध्या मेलेल्याच यायच्या, म्हणून एकतीस वर्षं मी चिमूटभर जास्त घालत आले. झुल्मा, आता माझी प्रमुख, विद्यार्थिनी असताना तिलाही मीच ते शिकवलं. ही बाटली मात्र आठवड्यात आली होती, ताजी. पण हाताला कोण सांगणार?

"आम्लानं एक टोपी काढली तर?" मी विचारलं.

"मोकळ्यावरचीच आधी निघेल. नेमकी हवी ती."

"दोन्ही काढून पुन्हा?"

"तुकडे होतील गं त्याचे."

झुल्मानं दार लावून घेतलं. माझं कंत्राट डिसेंबरात संपत होतं. ते वाढावं म्हणून ती वरिष्ठांशी भांडत होती, ते याच प्रयोगाच्या जोरावर.

"बाटली जुनी होती, म्हणून जास्त घातलं असं वहीत लिही. कोण बघतंय? मी सही करते."

मोह झाला, खोटं कशाला बोलू! डिसेंबरानंतर घरी बसावं लागणार होतं. पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. पण ही नोंद उद्या कुणीतरी वाचणार, दोष बाटलीचा समजणार आणि चांगल्या बाटलीतूनही जास्तच घेणार. मी लिहिलं: बाटली ताजी होती. चूक माझ्या हातची.

"वेडी आहेस," झुल्मा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता कशाच्या जोरावर भांडू मी?"

"नको भांडूस. चहा गरम कर."

कंत्राट वाढलं नाही. माझ्या शेवटच्या दिवशी झुल्मा दुसऱ्याच एका रेणूसाठी सिलिल मोजत होती. वजन बरोबर आलं, तरी तिचा चमचा पुन्हा बाटलीत गेला. मी तिचं मनगट धरलं, आणि मग सोडवेना.