मी, तेजाबबाईंची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. जुनी म्हटल्याबरोबर लगेच चेहरे पाडू नका, मला कुणाची कीव नको. माझ्या वयाच्या किती खुर्च्या अजून सरळ उभ्या आहेत ते आधी शोधून आणा आणि मग माझ्याशी बोला. आजकालच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बघा! एकीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी अशा रचून ठेवतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. आमच्यात असली थेरं नव्हती.

मला एका सुताराने घडवलं. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी लांबलचक टेबलं करून झाल्यावर जे चांगलं लाकूड उरलं, त्यातून मी झाले. उरल्यासुरल्याची म्हणून मला कुणी हिणवू नये, कारण त्या टेबलांचे पाय आम्लाने केव्हाच खाल्ले आणि मी अजून आहे. माझी बैठक सुताराच्या बायकोने विणली. वेत भिजवायचा, ताणायचा, आणि एकेक ओळ झाली की अंगठ्याने दाबून बघायची. विणताना ती जीभ दातांत धरायची, म्हणून तेवढा वेळ सुतार सुखात असायचा. काम संपल्यावर ती म्हणाली, "ह्याच्यावर हत्ती बसू दे, दबायचं नाही." हत्ती काही आला नाही. शिक्षक आले.

शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची जागा मला मिळाली. पहिली काही वर्षं इतिहासाचे सर माझ्यावर बसले. बसले कसले, झोपले. जागे झाले की माझ्या हातावर थाप मारून म्हणायचे, "खुर्ची असावी तर अशी." कौतुक कुणाला आवडत नाही? ते निवृत्त झाले आणि मी रसायनशास्त्राच्या बाईंकडे आले. मुलं त्यांना पाठीमागे तेजाबबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना ते आवडत असावं, असा मला दाट संशय आहे.

मित्रांनो, खुर्चीला माणसाचं वजन कळतं, आणि वजनावरून पुष्कळ काही कळतं. खोटं बोलणारा माणूस एका अंगावर कलतो. घाबरलेला माणूस अर्ध्या खुर्चीवर बसतो. बाई कायम पूर्ण बसायच्या, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून. इतक्या वर्षांत त्यांचा तोल माझ्यावर ढळला तो फक्त एका मुलीपायी. त्याचीच ही गोष्ट आहे.

शाळेचं वर्ष सरत आलं की मोठ्या वर्गातली मुलं आमच्या दाराशी घुटमळू लागायची. कॉलेजात अर्ज करायचा तर सोबत एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागे. मग काय विचारता! वर्षभर ज्यांची नमस्कारालाही मान वळत नव्हती, ती मुलं शिक्षकांच्या पिशव्या उचलायला धावायची. कुणी शेवटच्या दिवशी धापा टाकत यायचं. कुणी स्वतः न येता बापाला पाठवायचं. मला तर वेत ताणून एकेकाला चिमटा काढावासा वाटे. पण ती आपली उभीच असायची, खुर्चीवर बसायला कोण सांगतो त्यांना!

पत्र मागायला आलेल्याला बाई एकच प्रश्न विचारत. "तू काय शिकलास ते राहू दे. माझ्या तासाला तू काय चुकलास?" ज्याला आपली चूक नीट सांगता आली, त्याला पत्र मिळालं. "मी काही चुकलो नाही बाई," म्हणणारा हात हलवत परत गेला. रीत अशी होती, आणि ती मोडलेली मी पाहिली नव्हती.

आता त्या मुलीचं सांगते. सगळे तिला कात्री म्हणत, कारण तिची जीभ तशी चाले. तिचा बाप रंगारी होता, सुताच्या लडी रंगवायचा. त्याची नखं कायमची निळी झाली होती. एकाच पिंपातून काढलेला निळा आज गडद आणि उद्या फिका का उतरतो, हे कात्रीला लहानपणापासून छळत होतं. बाप म्हणे, "रंगाची मर्जी." कात्रीला रंगाची मर्जी मान्य नव्हती. हे शिकवणारं एकच कॉलेज होतं, लांब दुसऱ्या गावी. तिथे नाही जमलं तर पिंपाशी उभं राहायचं आणि मर्जी सांभाळायची.

पण कात्रीचं आणि बाईंचं वाकडं होतं. झालं होतं असं, की सुट्टीनंतरच्या पहिल्या प्रयोगात मुलांनी एका बाटलीतलं द्रावण मोजून दुसऱ्यात सोडायचं होतं आणि किती लागलं ते लिहायचं होतं. सगळ्या वर्गाचं उत्तर एकसारखं आलं. यायलाच हवं. मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांतून उत्तर आधी उतरवायचं आणि मग नळी उघडून गंमत बघायची, ही त्या शाळेची जुनी रीत. कात्रीने मात्र खरोखर मोजलं आणि तिचं उत्तर भलतंच आलं. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. कात्री भर वर्गात म्हणाली, "बाई, तुमची बाटलीच खोटी आहे. हिच्यापेक्षा आमच्या घरचं धुण्याचं पाणी बरं."

बाईंनी तिला आठवडाभर प्रयोगशाळेबाहेर उभं केलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी एकटीने ती बाटली तपासली. परत आल्या आणि माझ्यावर बसल्या, तेव्हा त्यांचं सगळं वजन एका अंगावर होतं. शेजारी चित्रकलेचे सर ब्रश धूत होते. त्यांना बाई हळूच म्हणाल्या, "बूच सुट्टीभर सैल राहिलं माझ्याकडून. हवा लागून द्रावण हलकं पडलं, आणि वर चिठ्ठी जुन्याच जोराची."

"म्हणजे पोरगी बरोबर होती?"

"बोलली कशी ते कळलं ना तुम्हाला?"

"ते नाही विचारलं मी."

बाईंनी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. अभिमान कसा असतो ते मला विचारा, मित्रांनो, मी पायापासून पाठीपर्यंत अभिमानी आहे. पण त्या दिवसापासून बाई माझ्यावर पाठ टेकेनात.

अर्जांचा शेवटचा दिवस आला. शेवटच्या घंटेला कार्यालयातले कारकून टपालाची पिशवी बांधत, आणि एकदा बांधली की देवाच्या बापासाठीही सोडत नसत. कात्रीच्या बापाने तोवर मोठ्या सरांकडून, म्हणजे मुख्याध्यापकांकडून, पत्र मिळवलं होतं. गोल शिक्का, झोकदार सही. कात्री ते घेऊन आमच्या खोलीत आली. चित्रकलेच्या सरांनी वाचायला घेतलं आणि त्यांना ठसकाच लागला.

"सुशील, आज्ञाधारक, मितभाषी," ते वाचू लागले. "मितभाषी? तू? आणि हे काय, धावण्याच्या शर्यतीत चमकलेली? अगं, तू कधी धावलीस?"

"मोठे सर मला ओळखतच नाहीत," कात्री म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "गेल्या वर्षी आपल्या शाळेतून तिघांनी असलीच पत्रं पाठवली. तिघेही परत आले."

"मग ओळखणाऱ्याकडे जा की."

कात्रीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बाईंकडे. बाई वह्या तपासत होत्या आणि मघापासून एकही पान उलटत नव्हत्या, हे मला खालून कळत होतं.

पोरगी समोर येऊन उभी राहिली. तिच्या चपलेचा अंगठा जमिनीवर घासत होता. "बाई, मला तुमचं पत्र हवंय."

बाईंनी मान वर केली नाही. टपालाच्या पाकिटांवर शिक्के मारल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. धप, धप.

"माझ्या तासाला तू काय चुकलीस?" बाईंनी विचारलं.

हाय रे देवा! मी मनात म्हटलं, पोरी, आता एकदा नमतं घे. म्हण काहीतरी. म्हण वही उशिरा दिली, म्हण काच फोडली. कारण खरं बोललीस तर बाईंना सगळ्या खोलीसमोर खाली बघावं लागेल, आणि ही बाई खाली बघणारी नव्हे. तुझं कॉलेज जाईल ग.

कात्री म्हणाली, "त्या दिवशी माझं उत्तर चुकलं नव्हतं, बाई. बोलणं चुकलं. धुण्याच्या पाण्याचं मी म्हणायला नको होतं."

बाईंच्या हाताची बोटं माझ्या हातावर आवळली गेली. इतकी, की माझं लाकूड कुरकुरलं. कोपऱ्यात बसलेल्या भाषेच्या बाईंनी चहाचा कप तसाच हवेत धरला होता. चित्रकलेचे सर उगाचच कोरडा ब्रश पुसत होते. मला वाटलं, आता त्या उठणार, दाराकडे बोट दाखवणार, संपलं.

बाईंनी पाठ टेकली. कितीतरी महिन्यांनी टेकली.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाटली बिघडलेली होती. बूच माझ्याकडून सैल राहिलं. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं आणि मी बोलले नाही. बस इथे."

त्या उठल्या आणि कात्रीला माझ्यावर बसवलं. स्वतः उभ्यानेच टेबलावर वाकून लिहू लागल्या. पोरगी अर्ध्या खुर्चीवर बसली होती. मी जमेल तितकी घट्ट उभी राहिले. बाई लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या. सगळ्या वर्गाने उतरवलेलं उत्तर लिहिलं तेव्हा हिने मोजलेलं लिहिलं. शिक्षिकेची चूक शिक्षिकेच्या तोंडावर सांगितली, तीही उद्धटपणे. शिक्षा भोगली, पण उत्तर बदललं नाही.

"बाई, हे नका ना लिहू," कात्री कळवळली. "ते म्हणतील, ही उलट बोलते."

"बोलतेसच तू."

तेवढ्यात तिचा बाप दारात आला. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. "कारकून पिशवी बांधतायत! अगं, मोठ्या सरांचं पत्र आहे ना हातात? टाक की! एकच पत्र चालतं तिथे!" मग त्याचं लक्ष बाईंच्या कागदाकडे गेलं. त्याने दोन ओळी वाचल्या आणि त्याचा चेहरा नखांसारखा निळा झाला. "उद्धट? हे असं लिहून पाठवायचं? बाई, आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पत्र तिचं आहे. कुठलं पाठवायचं ते ती ठरवेल."

टेबलावर दोन कागद. एकावर गोल शिक्का आणि कुणीही असू शकेल अशी एक गुणाची मुलगी. दुसऱ्यावर ओली शाई आणि ही. बाप म्हणत होता, "पोरी, वेडेपणा करू नकोस, गोड आहे ते पाठव." घंटा झाली. कात्री माझ्यावरून अशी उठली, की मी मागे सरकून भिंतीला आपटले. एक कागद तिने उचलला आणि पळत सुटली. शर्यतीत चमकलेली, हे तेवढं त्या दिवशी खरं झालं.

टेबलावर गोल शिक्का राहिला होता.

मग वाट बघणं आलं. लोकांना वाटतं वाट फक्त मुलं बघतात. बाई रोज बसायच्या, वह्या तपासायच्या, कुणाला काही विचारायच्या नाहीत. बापाने शाळेकडे फिरकणं सोडलं होतं. एकदा चित्रकलेचे सर म्हणाले, "काळजी वाटते का?" बाई म्हणाल्या, "मला कसली काळजी!" आणि एका अंगावर कलल्या.

एका दुपारी दार ढकलून कात्री आत आली.

"बोलावलं होतं त्यांनी, बाई. मुलाखतीला."

"मग?"

"एकच विचारलं. म्हणाले, तुमच्या बाई खरंच अशा आहेत?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याहून वाईट आहेत."

"आणि?" बाईंनी विचारलं.

"घेतलं मला."

मित्रांनो, तेजाबबाई हसल्या. गदगदून हसल्या, इतक्या की माझे चारी सांधे हलले आणि एक वेत तटकन तुटला. त्या वेताचं मला काही वाटलं नाही. बाकी कुठल्याही तुटलेल्या वेताचं वाटतं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नव्या माणसांना चाकांच्या खुर्च्या हव्या होत्या. मला व्हरांड्यात काढलं. आता माझ्या बैठकीला भोक पडलंय, त्यावर कुणीतरी पुठ्ठा टाकलाय, आणि मधल्या सुट्टीत पोरं मला मागच्या दोन पायांवर झुलवतात. झुलवू नका. मी पाळणा नाही. वेत विणणारं कुणी सापडलं तर शाळेला सांगा, एका दुपारचं काम आहे.

आणि तुम्हालाही एक दिवस पत्र मागायला जावं लागेल. वेळेवर जा, स्वतः जा, आणि जो तुम्हाला खरोखर ओळखतो त्याच्याकडे जा, मग तो तुमच्यावर रागावलेला का असेना. पुढे काय झालं ते सांगायलाही परत जा. प्रवेश मिळाला तरी जा, नाही मिळाला तरी जा. पत्र टपालात पडलं की लिहिणाऱ्याचं काम संपलं असं तुम्हाला वाटतं. मी बाईंच्या खाली होते. दारात पाऊल वाजलं, की दर वेळी त्या सरळ होऊन बसायच्या.